गाळलेली दोन वाक्ये

आमच्या क्वार्टरच्या पुढच्या दाराला आतून चांगली जाड कडी होती, पण ती लावायची नाही असा बाबांचा नियम होता. दार नुसते लोटलेले असायचे. शेजारचे तिवारीजी बाबांच्याच कारखान्यात फिटर होते. सकाळी दातून चघळत ते आमच्या ओट्याशी येऊन उभे राहायचे आणि बाबांना छेडायचे, "मिस्त्रीजी, आपके प्रभु तो बंद दरवाज़े से भी आ जाएँगे. साँकल चोर के लिए लगा लिया करो." बाबा चहाची बशी ओठाशी नेत म्हणायचे, "तिवारीजी, हमारे प्रभु खुद कह गए हैं कि चोर जैसे आऊँगा. अब मैं किसको रोकूँ?" मग दोघेही हसायचे आणि तेवढ्यात कारखान्याचा पहिला भोंगा व्हायचा. खरी गोष्ट अशी होती की रात्री बाबांचे घोरणे सुरू झाले की ताई पायांचा आवाज न करता उठायची, कडी लावायची आणि पहाटे बाबा उठण्याआधी काढून ठेवायची. मला ते माहीत होते. बाबांना माहीत होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. या घरात प्रेमापोटी गुपचूप काहीतरी करायची आणि त्याबद्दल चकार शब्द न काढायची रीत ताईची होती, एवढे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे.

बाबा लोहारखान्यात होते. तोफगाडीला लागणारे लोखंडी भाग तिथे भट्टीत तापवून घणाखाली घडवले जात. घरी आले तरी त्यांच्या अंगाला कोळशाचा आणि तेलाचा वास यायचा, आणि बोलताना ते जरा ओरडूनच बोलायचे, कारण दिवसभर घणाच्या आवाजात काम. आम्ही ख्रिस्ती. प्रभू परत येणार, कोणत्याही घडीला येणार, ही गोष्ट त्यांच्यासाठी रविवारच्या उपदेशातली नव्हती. तिचा त्यांना कारखान्यातल्यासारखाच साधा अर्थ लागला होता. म्हणायचे, "मोठा साहेब कधी शॉपमध्ये येईल ते सांगून येत नाही. बुटांचा आवाज आला की जो हत्यार पुसायला धावते, त्याचं हत्यार कधीच साफ नसते. आपण रोजचं रोज पुसून ठेवावं. मग साहेब येवो, न येवो, आपली झोप शांत." त्यामुळे आमच्या घरात संध्याकाळपर्यंत सगळे आवरलेले असायचे. पाण्याचे हंडे भरलेले, चूल सारवलेली, उसने आणलेले पीठ परत केलेले. आतल्या खोलीत एक हिरवी पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात प्रत्येकाचा एक पांढरा जोड धुऊन, इस्त्री करून ठेवलेला असायचा. प्रभू आला तर मळक्या कपड्यांत सामोरे जायचे नाही म्हणून. दर शनिवारी ताई तो काढायची, उन्हात टाकायची, कोळशाच्या इस्त्रीने पुन्हा घडी बसवायची.

आणि रोज संध्याकाळी, पवित्र शास्त्राचे वाचन आणि प्रार्थना झाल्यावर, बाबा एक प्रश्न विचारायचे. "कोणाचं काही राहिलं?" कोणाशी भांडण झाले असेल, खोटे बोलणे झाले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर ते तिथेच सांगून मोकळे व्हायचे. मनावर काही ठेवून झोपायचे नाही, कारण सकाळ होईलच असे कोणी सांगितले आहे? काही नसेल तर म्हणायचे, "काही नाही." मग जेवण. लहानपणी मी या प्रश्नाच्या वेळी बहुतेक वेळा भाजीच्या वासाकडे लक्ष ठेवून असायचो आणि घाईघाईने "काही नाही" म्हणून टाकायचो.

आई गेली तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांचा असेन. पोटाच्या दुखण्याने गेली, फार दिवस काढले नाहीत. माती द्यायला नेताना ताईने तिला ट्रंकेतले पांढरे लुगडे नेसवले. प्रभूच्या भेटीसाठी ठेवलेले ते लुगडे कबरीत गेलेले मी पाहिले, आणि त्या दिवसापासून मला त्या ट्रंकेची भीती बसली. मला वाटायचे, हे काही येणाऱ्याच्या स्वागताचे कपडे नाहीत, हे जाणाऱ्यांचे आहेत. हे मी कोणाला बोललो नाही. बाबा रोज विचारत होते, तरी बोललो नाही.

आईनंतर घर ताईने उचलले. तिचे नाव सुलोचना. बाबा तिला सुली म्हणत. माझ्याहून ती सात-आठ वर्षांनी मोठी. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, लहान मुलांच्या शाळेत शिकवायची आणि दुपारी परत येऊन स्वयंपाक, धुणे, बाबांचे तेलकट कपडे सोड्यात उकळणे, सगळे करायची. तिचे वरण फार साधे, हिंग-जिऱ्याचे. पण त्यात ती लोखंडी पळी लाल तापवून चर्रकन बुडवायची, तो आवाज आला की मी कुठेही असलो तरी घरी यायचो. मला रात्री झोप लागत नसे तेव्हा ती माझ्या खाटेपाशी बसून मंडळीच्या मुलांच्या गमती सांगायची. आई गेल्यावर मी रडलो नव्हतो. ताई घरात आहे तोवर रडायची गरज नाही, असे मी मनाशी धरून चाललो होतो.

त्याच सुमारास बाबांचे डोळे गेले. एकदम नाही, भट्टीच्या धगीसमोर उभे राहून राहून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरला. कारखान्यात त्यांनी ते दडवले. घणाचे काम हातांना पाठ होते, पण शास्त्रातली बारीक अक्षरे दिसेनात. एका संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवले, माझ्या डोक्यावर त्यांचा जड, खरबरीत हात ठेवला आणि म्हणाले, "विजू, आजपासून या घराचा वाचक तू. जे लिहिलं आहे तेच वाचायचं. आपल्या मनचं घालायचं नाही, लिहिलेलं गाळायचं नाही. माझ्यासाठी आता तुझे डोळे म्हणजेच माझे डोळे." ताई माझ्याहून चांगले वाचायची, पण आमच्यात घरचा वाचक पुरुषच असायचा. तिच्याकडे फितीचे काम होते. वाचन क्रमाने चालायचे, रोज एक भाग. कुठपर्यंत आलो ती खूण म्हणून ती तांबडी फीत पानात ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. अवघड शब्दांवर अडखळू नये म्हणून मी रोजचा भाग दुपारीच एकदा नजरेखालून घालून ठेवायचो.

मग लढाई आली. खिडक्यांना काळे कागद लागले, कंदिलाच्या काचेला भुरा कागद गुंडाळला. कारखान्यात डबल शिफ्ट लागली आणि रस्त्याने ताडपत्री झाकलेल्या ट्रकांच्या रांगा जाऊ लागल्या. भोंगा केव्हाही व्हायचा, आणि तो कामाचा आहे की धोक्याचा, हे समजेपर्यंत सगळी इस्टेट, म्हणजे कारखान्याची आमची वसाहत, श्वास धरून राहायची. मंडळीतले लोक उपासनेनंतर झाडाखाली उभे राहून बोलायचे की ही शेवटची चिन्हे आहेत. काहींनी मुलांच्या शाळा सोडवल्या. बाबांना ते आवडत नसे. "चिन्ह दिसल्यावर तयारी करता काहून? आजवर काय करून राहिले होते?" असे ते तोंडावर विचारायचे.

मनोहर त्याच दिवसांत आमच्याकडे यायला लागला. काटोलकडचा, आमच्याच विश्वासाचा मुलगा, कारखान्यात लेथवर टर्नर. बिनलग्नाच्या कामगारांच्या बराकीत राहायचा आणि तिथल्या जेवणाला कंटाळून रविवारच्या उपासनेनंतर कोणाच्या ना कोणाच्या घरी जेवायला जायचा. पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा सायकलच्या कॅरियरला शहपुऱ्याच्या मटाराची अर्धी गोणी बांधून आला. ताई म्हणाली, "एवढे मटार कोण सोलणार?" तो म्हणाला, "मी आहे ना. मला जेवण द्या, मी गोणी सोलतो. कारखान्यापेक्षा बरी ड्युटी आहे." आणि खरोखर ओट्यावर बसून सोलत राहिला. सोलण्यापेक्षा खाल्लेच जास्त. ताईने डबा पाहिला आणि म्हणाली, "टर्नर आहात की उंदीर?" तेव्हा मी आईनंतर पहिल्यांदाच तिला मोकळे हसताना ऐकले. मला मनोहर आवडायचा. त्याने मला सायकलवर बसवून नदीवर ग्वारीघाटला नेले होते, नावेतून पलीकडे नेऊन आणले होते, आणि कारखान्याच्या अप्रेंटिस परीक्षेसाठी मोजमाप कसे घ्यायचे ते शिकवले होते. तो वाईट माणूस असता तर माझे काम सोपे झाले असते.

हिवाळा भरात असताना त्याने बाबांकडे ताईसाठी विचारले. सरळ विचारले, उपासनेनंतर, टोपी हातात धरून. त्याची बदली होणार होती, दूर दक्षिणेकडच्या एका नव्या कारखान्यात. जाण्याआधी लग्न करून सोबत न्यायची इच्छा होती. बाबांना तो पसंत होता, हे उघड होते. पण अशा दिवसांत लग्न मांडावे का, हा त्यांच्या मनातला पेच होता. शेवटी म्हणाले, "मी माझ्या मनाने हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनेला ये. त्या दिवशी क्रमाने जो भाग येईल, त्यातून जो रस्ता दिसेल तो." आमच्या लोकांत असे करायचे. आज मला वाटते की ही रीतच चुकीची होती. देवाने माणसाला बुद्धी दिली आहे आणि मुलीला तोंड दिले आहे. पण माझ्या चुकीचा आळ मी बाबांवर घालणार नाही.

गुरुवारी सकाळपासून ताई गुणगुणत होती. तिला क्रम ठाऊक होता, फीत तीच ठेवायची. आणि तो भाग काय सांगतो तेही तिला ठाऊक होते. आदल्या दिवशी ती कमानिया गेटच्या बाजारात जाऊन एक साडी घेऊन आली होती, फिकट पिवळी, बारीक हिरव्या काठाची. आमच्या घरात इतक्या उजळ रंगाचे कापड कधी आले नव्हते. तिने ती इस्त्री करून दोरीवर टाकली, मग पुन्हा घडी केली, पुन्हा उलगडली. मला म्हणाली, "विजू, फार भडक दिसून राहिली का रे?" मी म्हणालो, "मला काय माहीत." तिने माझ्या डोक्यात हलकी टपली मारली. "तुला तर काहीच माहीत नसते."

दुपारी ती शाळेतून परतायच्या आधी मी शास्त्र उघडले. त्या दिवशीचा भाग प्रेषिताच्या एका पत्रातला होता आणि लग्नाविषयीच होता. अर्थ असा की संकटाचे दिवस आहेत, म्हणून ज्याचे लग्न झालेले नाही त्याने तसेच राहिलेले बरे. त्यापुढे दोन वाक्ये होती. तू लग्न केलेस तरी ते पाप नाही. आणि कुमारीने लग्न केले तर तिचेही ते पाप नाही. मग पुढे, काळ थोडा राहिला आहे. मी ती दोन वाक्ये पुन्हा पुन्हा वाचली. त्यांच्यावरच सगळे टेकले होते. ती असली तर बाबा ताईकडे वळून विचारणार होते, "सुली, तुझी इच्छा काय?" आणि ताई हो म्हणणार होती. मग दोरीवरची पिवळी साडी, स्टेशन, गाडी. मग या घरात मी, आंधळे होत चाललेले बाबा, आणि ती हिरवी ट्रंक.

इतकी वर्षे मी स्वतःला सांगत आलो की वाचताना जीभ घसरली, कंदिलाचा उजेड कमी होता, ओळ सुटली. आज लिहून टाकतो. ओळ सुटली नाही. मी दुपारीच ठरवले होते, आणि एका ओळीवरून खालच्या ओळीवर आवाज न अडकता कसा न्यायचा, याचा रिकाम्या घरात मोठ्याने सराव केला होता.

संध्याकाळी मनोहर आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. लोटलेल्या दाराजवळच्या लाकडी खुर्चीवर बसला. "काय वाचक, तयारी झाली का?" असे मला हळूच म्हणाला आणि डोळा मारला. ताई पिवळी साडी नेसून चटईवर माझ्यासमोर बसली, फीत हातात घेऊन. बाहेर इस्टेट अंधारात होती. मी वाचू लागलो. माझा आवाज चांगला लागला होता, तेही मला आठवते. त्या ठिकाणी आलो, आणि सरावाप्रमाणे गेलो पुढे. तसेच राहिलेले बरे. काळ थोडा राहिला आहे. कुठे खाच नाही, थांबा नाही. वाचून संपवले. बाबा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "एवढंच?"

मी म्हणालो, "एवढंच."

ताईने मान वर केली. तिने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. परीक्षेत शेजारच्याचे पाहून लिहिणाऱ्या मुलाकडे एखादी शिक्षिका पाहते आणि काही बोलायच्या आधी थांबते, तसे. मी खाली पाहिले. बाबांना तो भाग पुसट आठवत असणार, कारण ते जरा वेळ कपाळाला आठ्या घालून बसले. मग त्यांचा चेहरा सैल झाला. वाचकावर त्यांचा विश्वास होता.

"मनोहर," ते म्हणाले, "तू चांगला मुलगा आहेस. पण तू ऐकलंस."

मनोहर खुर्चीत पुढे सरकला. "ऐकलं, काका. पण एकदा त्यांना तर विचारा. चलो, एकदाच."

बाबा ताईकडे वळले. आता ती बोलेल, असे मला वाटले. तोंड उघडून ती दोन वाक्ये म्हणेल, तिला पाठ होती. मी हातातले पुस्तक घट्ट धरून बसलो. ताईने फीत पानात ठेवली, पुस्तक माझ्या हातांतून अलगद सोडवून घेतले आणि मिटले. "वाचलं ते मी पण ऐकलं, बाबा," ती म्हणाली.

मग बाबांनी रोजचा प्रश्न विचारला. पाहुण्यालाही उत्तर द्यावे लागायचे. "कोणाचं काही राहिलं?"

मनोहर उगीच हसला. "माझं तर सगळंच राहिलं, काका." कोणी हसले नाही. ताई म्हणाली, "काही नाही." माझी पाळी आली. मी म्हणालो, "काही नाही."

त्या रात्री तिने मटाराची भाजी केली होती. मनोहर जेवायला थांबला नाही. ताईने साडी बदलून रोजची नेसली, ताटे मांडली आणि माझ्या ताटात भाजी वाढताना नेहमीसारखी एक पळी जास्त वाढली.

तो गेला त्या दिवशी ताईने दशम्या आणि तिखट चटणीचा डबा देऊन मला स्टेशनवर पाठवले. फौजेच्या गाड्यांमुळे त्याची गाडी थांबून होती. फलाटावर तो आणि मी त्याच्या ट्रंकेवर बसलो. मला सांगायचे होते. आजही वाटते, तेव्हा सांगितले असते तर तो उडी मारून परत आला असता, घरी येऊन बाबांशी भांडला असता. पण माझ्या तोंडून नुसते हुंदके आले. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "काहून रडून राहिला बे? लग्न माझं मोडलं, तुझं नाही." मग डबा उघडून एक दशमी मोडून त्याने अर्धी मला दिली. "खा. तुझी काही चूक आहे का? लिहिलेलं तू वाचलंस." गाडी सुटली. काही वर्षांनी मंडळीतल्या कोणीतरी सांगितले की त्याचे लग्न झाले, तीन मुले आहेत, तब्येतीने सुटला आहे. ताई तेव्हा तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अच्छा," आणि निवडत राहिली.

लढाई संपली, काळे कागद निघाले. प्रभू आला नाही. बाबांनी ते शांतपणे घेतले. त्यांनी कधी तारीख धरलीच नव्हती. मी अप्रेंटिस झालो. बाबांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले, जाड भिंगाचा चष्मा आला, आणि त्यांनी माझ्या हातून वाचन परत घेतले. किती आनंदाने घेतले! लहान मुलासारखे प्रत्येक शब्द बोट ठेवून वाचायचे. क्रम पुन्हा फिरत आला. ते पत्र जवळ येऊ लागले तशी माझी झोप उडाली. त्या संध्याकाळी मी पाणी पिऊन पिऊन घसा ओला करत बसलो होतो. बाबांनी फितीपाशी पुस्तक उघडले आणि वाचायला सुरुवात केली, पण तो भाग तो नव्हता. त्याच्या पुढचा होता. फीत एक पान पुढे ठेवलेली होती.

बाबा थांबले. चष्मा वर केला. "सुली, मध्ये काही सुटलं काय?"

मी ताईकडे पाहिले. ती चटईच्या कडेचे निघालेले गवत बोटाने आत खोचत होती. "नाही, बाबा."

"हो, फीत तुझ्या हातची," बाबा म्हणाले, "बरोबरच असणार." आणि वाचत पुढे गेले. शेवटी प्रश्न आला. ताई म्हणाली, "काही नाही." तेवढे खोटे ती आयुष्यात एकदाच बोलली असेल, आणि ते माझे होते. बाबा गेले तेव्हा त्यांना आपला मुलगा चांगला वाचक होता एवढेच माहीत होते.

माझे लग्न झाले, मुले झाली. ताईने नाचून माझे लग्न लावले. ती आमच्याच घरी राहिली, शाळेतून निवृत्त झाली, माझ्या मुलांना वाढवले, नंतर माझ्या आजारी पत्नीचे केले. लोक तिला फार मान देत. म्हणत, प्रभूच्या येण्यासाठी स्वतःला राखून ठेवलेली बाई. उपदेशात पाळकसाहेब तिचे उदाहरण द्यायचे तेव्हा मी मान खाली घालून गीतांच्या पुस्तकाची पाने उलटत बसायचो. कारण दोष काय काढणार? ती खरेच तशी होती. रोज आवरलेली, रोज तयार, कोणावर डूख नाही. मी जे खोटे तिच्यावर लादले ते तिने खऱ्यासारखे जगून दाखवले. मात्र दर शनिवारी ती ट्रंक उघडायची तेव्हा सगळ्यांच्या पांढऱ्या कपड्यांत तिची एक घडी पिवळी असायची. माझ्या धाकट्या मुलीने एकदा विचारले, "आत्या, सगळ्यांचं पांढरं, तुमचंच काहून पिवळं?" ताई म्हणाली, "लग्नालाच तर जायचं आहे, बेटा. प्रभू नवरा मुलगा म्हणून येणार ना?" मुलगी हसली. मी बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिलो.

तिच्या शेवटच्या दिवसांत बोलणे तुटक झाले होते. एका संध्याकाळी उशाशी मी वाचन केले. काय वाचले ते आता आठवत नाही. ते पत्र नव्हते, ते उघडायचे धैर्य मला कधी झाले नाही. वाचून झाल्यावर तिने डोळे उघडले आणि बाबांच्याच शब्दांत विचारले, "विजू, कोणाचं काही राहिलं?" खोलीत आम्ही दोघेच होतो. तिने मला पुरता वेळ दिला. पुढच्या खोलीत माझी सून कुकर लावत होती, शिटी होऊन गेली, दुसरी झाली. मी म्हणालो, "काही नाही, ताई."

"अच्छा," ती म्हणाली. "माझंही काही नाही." आणि माझा हात थोपटला, मीच आजारी असल्यासारखा.

तिला आम्ही पिवळी साडी नेसवली. घड्यांच्या जागी कापड विरले होते, सुनेने आतून टाके घातले. इतकी वर्षे इस्त्री करून ठेवलेली ती साडी ती आयुष्यात दुसऱ्यांदा नेसली होती.

आता घरी संध्याकाळी तो प्रश्न कोणी विचारत नाही. बाकीची मुले दोन शहरांत आहेत, सून कामावरून उशिरा येते. चोऱ्या वाढल्या म्हणून ती मला रोज बजावून जाते, पापाजी, कुंडी लगा लेना. मी आजवर कडी लावत आलो. हे प्रकरण लिहायला बसलो त्या दिवसापासून मी संध्याकाळी ती काढून ठेवतो आणि दार नुसते लोटतो. बाबांना वाटायचे तसे प्रभू येईल, आजही मला तसेच वाटते. भीती त्याची वाटत नाही. तो दयाळू आहे असे सगळे सांगतात. पण तो त्या दारातून आत आला तर एकटा येणार नाही. त्याच्यामागे हिरव्या काठाच्या पिवळ्या साडीत ताई असेल, तिच्या मागे जाड भिंगाचा चष्मा लावून बाबा, आणि ते रोजच्यासारखेच विचारतील. काल संध्याकाळी मी ते पत्र उघडले, तो भाग काढला आणि रिकाम्या खोलीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, ती दोन वाक्ये धरून. आवाज त्या जागी अडखळला. मग पुस्तक मिटले, मोठ्याने प्रश्न विचारला, आणि मोठ्यानेच उत्तर दिले: राहिलं आहे, बाबा. माझं राहिलं आहे.